उजाड डोंगरावरची पाखरं : बालाघाटात पहिल्यांदाच पक्षी बघायला निघालेल्यांसाठी

मराठवाड्यात पक्षी बघायचे म्हटलं की लोक सरळ पैठणची वाट धरतात. थंडीत जायकवाडीच्या फुगवट्यावर बदकं येतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, फोटो झकास निघतात. त्यात वावगं काही नाही. पण नव्यानं शिकणाऱ्याला मी आधी डोंगरावर पाठवतो, आणि तोही सह्याद्रीतल्या हिरव्यागार डोंगरावर नाही. आपला बालाघाटातला डोंगर : मुरूम उघडा पडलेला, बोरी-बाभळी खुरटलेल्या, एका अंगाला गिरिपुष्पाची लागवड, दुसऱ्या अंगाला मागच्या उन्हाळ्यातल्या वणव्याचा काळा डाग. पायथ्याचं कुणीतरी हमखास विचारतं, "तिथं काय बघायलात? नुसता माळ हाय."

तो नुसता माळ असतो म्हणूनच तिथं शिकता येतं. दाट रानात नवख्याला शंभर आवाज येतात आणि दिसतं एकही नाही. इथं आडोसा कमी आणि पाखरंही बेतानं, त्यामुळे ती एकेक करून भेटतात. उघड्या दगडावर बसलेला चिरक पाच मिनिटं निवांत न्याहाळता येतो.

डोंगर एकच धरा

घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असा एक डोंगर निवडा. धाराशिव, बार्शी, लातूरकडच्यांना येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य सोयीचं. जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आहे, 1997 सालचं, आणि येडशीला रेल्वेनंही उतरता येतं. रामाची आणि जटायूची गाठ इथंच पडली असं लोक सांगतात, तेव्हा आपल्याकडचं पहिलं नोंदवलेलं पाखरू येडशीचंच म्हणायला हरकत नाही. बीडकरांना पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य आहे, साधारण 30 चौरस किलोमीटरचं. संभाजीनगरकडच्यांना कन्नडजवळ गौताळा-औट्रमघाट आहे. ते 1986 पासून अभयारण्य आहे आणि या सगळ्यांपेक्षा मोठं, 260 चौरस किलोमीटरचं. खरं सांगायचं तर गौताळ्यात झाडी बरी असल्यामुळे तिथं मी दुसऱ्या वर्षी जायला सांगतो.

यातलं काहीच जवळ नसेल तर गावचं गायरान किंवा वन विभागाची टेकडीही चालते. अभयारण्यात प्रवेशाची नोंद करूनच आत जायचं. बाकी ठिकाणी वनरक्षकाला आधी भेटून ठेवा. एकदा ओळख झाली की कुठल्या पाणवठ्यात पाणी आहे हे तोच फोन करून सांगतो.

मग तोच डोंगर महिन्यातून दोनदा. आठ फेऱ्या होईपर्यंत दुसरीकडे जाऊ नका. नवे लोक इथंच चुकतात : या रविवारी येडशी, पुढच्या रविवारी नायगाव, त्यापुढे जायकवाडी. मोबाईलमध्ये फोटो साठतात, पण डोक्यात पाखरू राहत नाही.

आधी डोंगर वाचायचा, मग पाखरू

लांबून सगळा डोंगर एकसारखाच करडा दिसतो. आत शिरलात की त्यात चार-पाच वेगवेगळी घरं आहेत. कुठल्या घरात कोण राहतं हे कळलं की निम्मं काम झालं, कारण पाखरू दिसायच्या आधीच मनात यादी तयार असते.

पहिलं घर मुरमाड माथा. काळ्या पाषाणाचे थर झिजून वर सपाट पठार होतं, त्यावर माती टाचभरही नसते. याला सरकारी कागदात पडीक म्हणतात. पण इथं चंडोल, माळटिटवी, धाविक आणि पखुर्डी (सँडग्राऊज) राहतात, आणि यांना नेमकी हीच उघडी जमीन लागते. इथं झाडं लावली की ती निघून जातात. डोंबारी चंडोल बघायचा असेल तर फेब्रुवारीनंतर या माथ्यावर या. चिमणीपेक्षा लहान पाखरू, नराचं पोट काळं, डोक्याचा माथा राखाडी, मादी मात्र साधी मातकट. नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, मध्येच सावरून शीळ घालत पुन्हा वर उसळी घेतो, पुन्हा पडतो. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा असा टप्प्याटप्प्यानं येऊन एखाद्या दगडावर बसतो आणि काही झालंच नाही असा चेहरा करतो. नाव ठेवणाऱ्यानं दोरीवरचा डोंबारी नक्की पाहिला असणार.

इथंच डोक्यावर बारीक तुरा असलेला, तांबूस अंगाचा आणखी एक चंडोल भेटतो. 1832 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनमधून त्याची शास्त्रीय नोंद केली, म्हणून तो साइक्सचा चंडोल. भारताबाहेर तो कुठंच नाही. लोक परदेशातून तो बघायला येतात आणि आपण त्याच्या अंगावरून मोटारसायकल नेतो.

दुसरं घर गवताचं. उतारावर जिथं पवन्या, मारवेल, कुसळी उरलेली आहे तिथं. पायाखालून अचानक भुर्र करून आठ-दहा लावे उडाले की पहिल्यांदा काळजाचा ठोका चुकतो, सवय होते. थंडीत गवतावरून खालून-खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत जाणारा मोठा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या. पाहुणा आहे, उत्तरेकडून येतो. माद्या आणि पिल्लं जातीनुसार ओळखणं अवघड. वहीत "भोवत्या, मादी" एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

तिसरं घर काटेरी झुडपांचं : बोर, हेंकळ, तरवड, घाणेरी, मध्येच सीताफळ. नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथं जावा. चिरक, बुलबुल, खाटीक, सातभाई, वटवट्या, गप्पीदास, मुनिया, सगळी मंडळी इथंच. घाणेरीला शिव्या देणारे पुष्कळ आहेत आणि ती बाहेरून आलेली, पसरणारी, हे खरंच आहे. पण तिच्या काळ्या फळांवर बुलबुल पोट भरतात हेही तिथंच दिसतं.

चौथं घर घळ. पावसाचं पाणी जिथून धावतं त्या ओघळीत ओल टिकते आणि जुनी झाडं कुऱ्हाडीतून वाचलेली असतात : उंबर, करंज, एखादा वड. येडशीला रामलिंगाच्या खालची घळ तशीच आहे. हळद्या, तांबट, दयाळ, स्वर्गीय नर्तक असे सावलीतले पक्षी इथं. कड्याच्या कपारीत शृंगी घुबड असू शकतं. दगडावर पांढरे ओघळ दिसले तर दुर्बीण तिथं लावा, पण जवळ जाऊ नका.

आणि राहिली गिरिपुष्पाची लागवड. ओळीत लावलेली, सगळी एका वयाची, खाली काही न उगवू देणारी झाडं. फेब्रुवारीत फुलली की शिंजीर येतात, एरवी मी तिथून सरळ चालत पुढे जातो. सलग समतल चरांत पाणी साठलेलं असेल तरच थांबतो.

पहिल्या फेरीत एकही पाखरू ओळखू नका. डोंगराचा हातानं नकाशा काढा, ही घरं त्यात दाखवा, पाणी कुठं आहे ते टिपा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या सातही फेऱ्यांना हाच कागद लागतो.

कधी जायचं

ऑक्टोबर ते मार्च नव्या माणसासाठी उत्तम. हवा बरी असते, गवत बसलेलं असतं आणि पाहुणे आलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत सातच्या सुमारास उजाडतं, त्याआधी पायथ्याला पोचायचं. मे महिन्यात सहाच्या आतच सूर्य वर येतो आणि आठ-साडेआठला डोंगर तापतो, तेव्हा पहाटेच गेलं पाहिजे. ऊन चढलं की पाखरंही सावली धरतात आणि तुमच्या हाती डोकेदुखी येते.

जून मात्र चुकवू नका. पहिल्या सरींच्या मागेपुढे आफ्रिकेतून चातक येतो, काळा-पांढरा, डोक्यावर ऐटदार तुरा. पावशा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असा घसा फोडून ओरडत असतो. हे दोघंही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. जुलै-ऑगस्टमध्ये सातभाई आपल्याहून वेगळ्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसले तर बिचाऱ्यांना सांगायला जाऊ नका.

नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी जाणती माणसं नवख्यांना घेऊन फिरतात. पहिली फेरी कुणाबरोबर तरी करायची असेल तर हा मुहूर्त धरा.

सामान

दुर्बीण एकच घ्यायची आणि ती 8×42. यातला 8 म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार 20 पटीची दाखवून मोहात पाडेल. ती हातात थरथरते, दिसतो तो तुकडा एवढासा, आणि पाखरू त्यात सापडेपर्यंत दुसऱ्या तालुक्यात गेलेलं असतं. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी खाली करून बघायचं.

दुर्बिणीचा सराव घरीच करा. विजेच्या तारेवरच्या कोतवालावर डोळे रोखायचे, नजर जराही न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग पाखरू शोधायला गेलं की नुसतं आभाळ दिसतं. गच्चीवर शंभर वेळा केलं की हात बसतो.

बाकी : खिशात मावेल अशी वही आणि शिसपेन्सिल, दोन लिटर पाणी, टोपी, मातकट रंगाचे कपडे. भाकरी-ठेचा प्रत्येकाच्या मर्जीवर. एक गोष्ट कुणी सांगत नाही : लोकरीचे किंवा सैल विणीचे मोजे घालू नका. कुसळी त्यात अशी शिरते की दुपारभर एकेक कुसळ उपटत बसावं लागतं. गुळगुळीत कापडाची पँट आणि ती मोज्यांत खोचलेली, हे उत्तम. पावसाळ्यात गोचिडांपासूनही तेवढंच रक्षण होतं.

चालणं कमी, थांबणं जास्त

सकाळी सूर्य पाठीशी घ्या. म्हणजे डोंगराच्या पूर्वेकडून चढून पश्चिमेकडे बघत जा. उन्हाच्या तोंडावर गेलात तर प्रत्येक पाखरू काळंच दिसणार आणि चिरक, कोतवाल, दयाळ यांची खिचडी होणार.

पंधरा-वीस पावलं चाला, मग पाच मिनिटं उभे राहा. एखाद्या बोरीला पाठ लावून बसलात तर आणखी चांगलं. पहिली दोन मिनिटं सगळं चिडीचूप असतं, कारण तुम्ही आल्याची बातमी सातभाईंनी आधीच फोडलेली असते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला झुडपं पुन्हा हलू लागतात.

पाखरू दिसलं की पुस्तक उघडू नका, मोबाईलही काढू नका. आधी आकार ठरवा : चिमणीएवढं, बुलबुलाएवढं, साळुंकीएवढं, कावळ्याएवढं की घारीएवढं? मग चोच : दाणे फोडायची जाड, किडे टिपायची बारीक की मांस फाडायची बाकदार? मग शेपटी आणि तिचं काय चाललंय. रंग सगळ्यात शेवटी. नवा माणूस नेमकं उलटं करतो, म्हणून संध्याकाळी येऊन "एक तपकिरी पक्षी पाहिला" असं सांगतो. माळावर सगळेच तपकिरी.

चिरकाचंच घ्या. बुलबुलापेक्षा किंचित लहान, बारीक चोच, दगडावर किंवा बांधावर बसतो आणि शेपटी पाठीवर उभी करतो. तेवढ्यावरच तो ओळखला गेला. नंतर दिसतं की नर काळा, खांद्यावर पांढरा पट्टा, शेपटीखाली विटकरी रंग. मादी मातकट, पण शेपटीखालची वीट तिलाही आहे. दयाळ दिसायला त्याच्या जवळचा, पण त्याचं पोट पांढरं आणि तो घळीतल्या सावलीत राहतो. घर वेगळं, म्हणून गोंधळ नाही.

टिटव्यांचंही तसंच. पाण्याजवळ, डोळ्यापुढे लाल कातडं असलेली ती आपली नेहमीची टिटवी. कोरड्या माथ्यावर, पिवळं कातडं, पिवळे पाय, काळी टोपी घातलेली ती माळटिटवी. वटवट्यांच्या जाती मात्र दोन-तीन, सारख्याच दिसणाऱ्या, सतत वळवळणाऱ्या. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

कान दुसऱ्या महिन्यापासून लावायचा. एका फेरीत एकच आवाज पक्का करा. तांबटाची घणावर हातोडी पडल्यासारखी टुक-टुक, तित्तराचा चढत जाणारा कलकलाट, आणि अंधार पडताना रातव्याचा आवाज : गोटी फरशीवर पडून उसळत उसळत थांबावी तसा. मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते आवाज ऐकून नाव सुचवतं. वापरा, पण त्यानं नाव सुचवलं म्हणजे पाखरू दिसलं असं समजू नका. वाऱ्यात आणि शेळ्यांच्या घंटांत ते बहकतं. त्याच अ‍ॅपवरचा आवाज वाजवून पाखरू बोलावायचा मोह मात्र आवरा, विशेषतः विणीच्या दिवसांत. आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला असं समजून पाखरू पिल्लं सोडून भांडायला येतं.

मेंढरांमागच्या माणसाशी बोला

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एका माथ्यावर धाविकाच्या मागं लागलो होतो. हा पक्षी चार पावलं पळतो, थांबतो, वाकून काही टिपतो, पुन्हा पळतो. उडत नाही, पण हातीही लागत नाही. डोळ्याला दुर्बीण लावूनच मी पुढं सरकत होतो. मागून आरोळी आली, "ओ सर, हालू नका! पायाखाली बघा."

मेंढरं घेऊन आलेले एक म्हातारे मामा होते. खाली बघितलं तर आधी काहीच दिसलं नाही. त्यांनी काठीचं टोक लांबूनच दाखवलं तेव्हा दिसलं : माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर चार अंडी, मुरमाच्या रंगाची, वर काळपट शिंतोडे. घरटं म्हणजे नुसती खळगी आणि कडेनं मांडलेले बारीक खडे. नजर जरा हलली की ती पुन्हा दगड होत होती. "माळटिटवीची हायेत," मामा म्हणाले. "कवाधरनं ती तुमच्या डोक्यावर वरडायली, अन् तुम्ही तिकडं कुठं बघायलात?"

तेव्हापासून नियम : टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की जागीच थांबायचं, पायाशी बघायचं आणि आल्या पावलांवर पाऊल ठेवत माघारी यायचं. अंड्यांचा फोटो काढायला बसायचं नाही. माथ्यावरच्या उन्हात टिटवी पाच-दहा मिनिटं उठली तरी अंडी शिजतात, आणि कावळे माणूस कुठं वाकला ते बघत असतात.

मामांनी त्या दिवशी पखुर्ड्या कुठल्या डबक्यावर पाण्याला येतात तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास खरंच आल्या. गुराखी, मेंढपाळ, सरपणाला येणाऱ्या मावश्या यांना पाखरांची गावठी नावं आणि ठिकाणं ठाऊक असतात. आधी रामराम, मग पावसाची, जनावरांची चौकशी, मग पाखरांचं. एकदम खिशातून वही काढलीत तर ते तुम्हाला सर्व्हेवाले समजतात आणि जमीन जाणार या काळजीनं गप्प बसतात.

तित्तर-लाव्यांसाठी लावलेला फास दिसला तर स्वतः कुणाशी भांडू नका. फोटो काढा, जागा टिपा, वनरक्षकाला कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे.

जपायचं ते

दगड उलटू नका, दगडाखाली हात घालू नका. हा फुरशाचा मुलूख आहे, वीत-दीड वीत लांबीचा पण जहाल विषारी. कड्याला आग्या मोहोळ असेल तर तिथून आवाज न करता लांबून जा, आणि अत्तर, सेंट घरीच ठेवा. बालाघाटात बिबट्याचा वावर आहे. पायथ्याला विचारून घ्या, दिवेलागणीनंतर रातव्यासाठी थांबायचं असेल तर तिघं-चौघं मिळून थांबा. लांडगा दिसला तर नशीब समजा, तो तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

वही

तारीख, वेळ सुरुवातीची आणि शेवटची, हवा, डोंगराचं घर, पाखरू, संख्या, काय करत होतं. एवढे रकाने बस. संख्या अंदाजानं लिहायलाही शिकावं लागतं. जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत पायथ्याच्या ज्वारीवर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) ढग उतरतो, राखणदार गोफण फिरवतो, ढग उठून पुन्हा दुसऱ्या टोकाला बसतो. त्यात एकेक मोजायला गेलात तर वेड लागेल. दहा पाखरं किती जागा व्यापतात ते आधी डोळ्यात धरा, मग तसे किती तुकडे होतात ते बघा. राखणदाराला मात्र आपला आनंद फार दाखवू नका. त्याच्या कणसांचं वजन कमी होत असतं. टोळही याच भोरड्या खातात हे त्याला माहीत असतं, पण हुरड्याच्या दिवसांत त्याला ते पटत नाही.

घरी आल्यावर यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. फुकट आहे, आणि जायकवाडीच्या मानानं आपल्या डोंगरांच्या नोंदी तिथं फारच विरळ आहेत, त्यामुळे तुमच्या साध्या बुलबुल-चिरकांनाही किंमत आहे. दिसलं तेवढंच लिहा. नाव नक्की नसेल तर नुसतं "वटवट्या" किंवा "चंडोल" असं मोघम नोंदवायची सोय तिथं आहे, ती लाज न बाळगता वापरा. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत अशी एकोणीस प्रश्नचिन्हं आहेत. त्यातली अकरा पुढच्या दोन वर्षांत त्याच डोंगरावर सुटली, तीन आठवणीवरून खोडली आणि पाच अजून तशीच आहेत.